पत्नीच्या सांगण्यानुसार

२००९ च्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांचं बोट प्रेसवर गेलं. उजव्या हाताची तर्जनी, दोन पेरं. बजाजनगरात ही काही बातमी नव्हे. आमच्या गल्लीत तेव्हा असे तीन हात होते, हा चौथा. ठेकेदाराच्या माणसानं दवाखान्यात नेलं, टाके पडले, ड्रेसिंग सुरू झालं आणि पाच-सहा आठवड्यांनी एक बाई घरी आल्या. कुठल्याशा संस्थेच्या होत्या. साडीला पिन, खांद्याला मोठी पर्स, हातात खाकी फाईल.

एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. मी चादर झटकून त्यांना पलंगावर बसवलं, न तडकलेली कपबशी शोधून काढली आणि स्टोव्ह पेटवला. त्या विचारत गेल्या, मी पाठमोरीच उत्तरं देत गेले. भाडं किती, गावाकडं शेती किती, कर्ज कुणाचं, मुलं कितवीत. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "मिस्टर ड्रिंक करतात का?"

मी म्हटलं, "नाही."

एवढ्या एका शब्दावर त्यांनी दीड ओळ लिहिली. मी कप घेऊन समोर आले होते, मला अक्षरं दिसत होती, पण उलटी. दहावी पास बाई मी, सुलटी असती तर वाचली असती. चहा अर्धा ठेवून त्या गेल्या. परत आल्या नाहीत, मदतही आली नाही. मदतीचं मी मनाला फार लावून घेतलं नाही. गावाकडून आलेल्या माणसाला न येणाऱ्या मदतीची सवय असते. पण ती दीड ओळ डोक्यातून जाईना. "नाही" या शब्दात दीड ओळीचं असतं तरी काय?

मी गेवराई तालुक्यातली. १९९७ ला दहावी झाले, पुढच्या वर्षी लग्न, त्याच्या पुढच्या वर्षी बजाजनगर. १९८५ मध्ये बजाज कंपनीनं औरंगाबादजवळ वाळूजला कारखाना काढला, तिच्या मागं सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली आणि त्या रांगेत बीड, परभणी, जालना, बुलडाणा, पुढं पुढं बिहार आणि उत्तर प्रदेशही येऊन उभा राहिला. इथं माणूस आडनावानं कमी आणि शिफ्टनं जास्त ओळखला जातो. "ते फर्स्टचे, ते नाइटचे." घरमालक खाली, वर दोन मजल्यांवर भाडेकरूंच्या खोल्या, जिन्यात पाण्याचे ड्रम. नाइटवाला झोपलेला असला की दिवसा पोरांना ओरडायचंही नाही, अशी आमची शिस्त.

त्या फाईलवाल्या बाईंचं काम करायला काय शिकावं लागतं, हे मी अंगणवाडीच्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "एमएसडब्ल्यू, समाजकार्याचं शिक्षण. पण ते डिग्रीच्या पुढं असतंय." मी बोटं मोजली. बारावी, मग तीन वर्षं, मग दोन. मुलगी तेव्हा पाचवीत होती. मी एमएसडब्ल्यू होईन तेव्हा तिचं कॉलेज आलेलं असेल. मोजणी तिथंच थांबवली आणि दोन वर्षं पुन्हा काढली नाही.

२०११ मध्ये कुणीतरी सांगितलं की शहरात रविवारी एक अभ्यासकेंद्र भरतं, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं. शाळा न शिकलेल्यालाही अठरा वर्षं पुरी असली की पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून थेट बीएला बसता येतं. विद्यापीठ नाशिकचं, १९८९ साली निघालेलं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. मी पंढरपूरला जाऊन रिक्षा धरली. हे आमचं वाळूजचं छोटं पंढरपूर. आषाढीला अख्खं शहर रात्रभर पायी इकडं येतं, एरवी आम्ही तिथून रिक्षा पकडून शहरात जातो. रिक्षाही आमच्याच इथं बनलेली. चौघांच्या जागेत सात माणसं बसवून ती गोलवाडी, छावणी, नगर नाका करत बाबा पंपापाशी सोडते.

केंद्रावर एक सर होते. माझी दहावीची गुणपत्रिका त्यांनी उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "बीए करून पुढं काय करायचंय?"

"एमएसडब्ल्यू. रेग्युलर."

"मग पूर्वतयारी करू नका. बीए होईल तुमचं, पण पुढं दुसऱ्या विद्यापीठात गेलात की खिडकीवरचा माणूस बारावी मागणार. दहावी आहे ना? सतरा नंबर भरा. एक वर्ष जाईल, जाऊ द्या."

रागच आला. ज्या केंद्रात प्रवेश घ्यायला आले, तिथलाच माणूस मला परत पाठवत होता. आज मला कुणी विचारलं की या सगळ्या शिक्षणात सर्वांत मोलाचं काय मिळालं, तर मी प्रवेश न देता दिलेला तो सल्ला सांगेन. माझ्या नंतरच्या ओळखीतल्या दोघी पूर्वतयारीवरून बीए झाल्या आणि पुढं नियमित प्रवेशाला बारावीच्या रकान्यापाशी अडकल्या. डिग्री खरी, अभ्यास खरा, पण रकाना रिकामा. पहिल्या दारातून आत शिरताना दुसऱ्या दाराला कुठली किल्ली लागते ते विचारून घ्यावं, हे आमच्यासारख्यांना कोण सांगणार? घरात आधी कुणी त्या दारापर्यंत गेलेलंच नसतं.

सतरा नंबरचा, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरला. मार्च २०१२ ला बारावी दिली, इंग्रजीत अडतीस मार्क पडले. आमचे हे पेढे घेऊन आले आणि गल्लीत वाटताना कुणी "पोरगी पास झाली का?" विचारलं की नुसते हसायचे.

मग तीन वर्षं रविवार. वर्गात आमच्याबरोबर घाटी हॉस्पिटलचा एक वॉर्डबॉय, प्रमोशनसाठी डिग्री हवी असलेला हवालदार, दोन अंगणवाडी सेविका, पार्लर चालवणारी एक मुलगी, ग्रामपंचायतीचा शिपाई आणि नाइट करून थेट येणारा एक कंत्राटी कामगार. तो कामगार शेवटच्या बाकावर झोपायचा. सर त्याला उठवत नसत; तास संपला की पाठीवर हात ठेवून "पान बासष्ट" एवढं सांगत. पुस्तकं घरी एकट्यानं वाचता यावीत अशीच लिहिलेली होती, प्रकरणातच मध्ये मध्ये प्रश्न आणि मागं उत्तरं. मी पोळ्या लाटताना पुस्तक डब्याला टेकवून ठेवायची. समाजशास्त्राच्या पुस्तकावर अजून कणकेचे ठसे आहेत.

एकदा 'स्थलांतर' हे प्रकरण होतं. ढकलणारे घटक, ओढणारे घटक. सरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "तुम्हाला कुणी ढकललं?" वॉर्डबॉय म्हणाला दुष्काळानं, पार्लरवाली म्हणाली नवऱ्यानं. हवालदार बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "भावकीनं." समाजकार्याच्या पुस्तकांत ज्यांना 'लाभार्थी' म्हणतात तीच माणसं त्या वर्गात वही-पेन घेऊन बसली होती. हे तेव्हा मला कळलं नाही. पुढं ज्या वर्गात गेले तिथं अशी कुणीच नव्हती, म्हणून कळलं.

२०१५ ला बीए झाले आणि एमएसडब्ल्यूच्या प्रवेशाला शहरातल्या एका कॉलेजात गेले. कुठलाही पदवीधर चालतो, हे माहीत होतं. कारकुनानं कागद पत्त्यांसारखे पसरले.

"बाहेरून केलंय का?"

"मुक्तचं आहे."

"तेच ते, बाहेरून." मग गुणपत्रिकांवरच्या सालांवर बोट ठेवलं. "दहावी ९७, बारावी २०१२. मधली पंधरा वर्षं काय केलं?"

"संसार."

त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल. आणि मायग्रेशन."

मायग्रेशन म्हणजे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना पहिल्याकडून आणायचा दाखला. अर्ज केला, चकरा मारल्या, एका चकरेला कळलं की अर्जावर नोंदणी क्रमांकाचा एक आकडा चुकलाय. चूक माझीच. अखेर कागद हातात आला, त्यावर 'स्थलांतर प्रमाणपत्र'. मी रिक्षात हसायलाच लागले. सोळा वर्षं स्थलांतर करून झालं, आणि त्याचा दाखला आता मिळाला.

घरमालकीणबाईंची भाची न्यू जर्सीत एडिसनला असते. तिनंही तिकडं पहिली दोन वर्षं जवळच्या कम्युनिटी कॉलेजात काढली, कारण फी कमी, आणि मग मोठ्या विद्यापीठात समाजकार्याला गेली. सुट्टीत इथं आली तेव्हा गच्चीवर पापड वाळत घालताना आम्ही आपापली हकिकत सांगितली. तिला खिडकीवर विचारलेला प्रश्न: तुझे इतके क्रेडिट, त्यातले आम्ही किती धरायचे? सातासमुद्रापार खिडकी तीच. आपल्याकडेही आता २०२१ पासून क्रेडिट जमा ठेवणारी 'अकॅडमिक बँक' आली आहे, मुलांचे गुण म्हणे खात्यात राहतात आणि कॉलेज बदललं तरी बरोबर जातात. चांगलंच आहे. कारकुनाच्या भुवया कुठल्या खात्यात जमा होतात, ते बघायचं.

एमएसडब्ल्यूच्या वर्गात बहुतेक मुलं बावीस-तेवीसची. पहिल्या आठवड्यात मला "मॅडम" म्हणून उभी राहायची, मग "ताई" झाले, आणि परीक्षेच्या आधी नोट्स हव्या असल्या की "काकू". शिकवणं चांगलं होतं, ते नाकारणार नाही. रविवारच्या वर्गात नव्हती अशी एक गोष्ट इथं होती, ती म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्याचे दोन दिवस वस्तीत, मग लेखी अहवाल, मग पर्यवेक्षक मॅडमसमोर त्या अहवालाची चिरफाड. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन असे पेपर. मेरी रिचमंड या अमेरिकन बाईंचं 'सोशल डायग्नोसिस' हे १९१७ चं पुस्तक तिथं कळलं. एखाद्या कुटुंबाची माहिती कशी गोळा करायची, कुणाच्या शब्दाला किती वजन द्यायचं, शेजारी काय सांगतात, मालक काय सांगतो, हे सगळं शास्त्र म्हणून मांडणाऱ्या त्या पहिल्या. वाचताना मला खाकी फाईल दिसत होती. म्हणजे त्या बाई मनानं काही लिहीत नव्हत्या, त्यांना असं शिकवलेलं होतं. मुंबईत १९३६ ला निघालेली टाटांची समाजकार्याची शाळा, आजची टिस, नागपाड्याच्या नेबरहूड हाऊसमध्ये सुरू झाली, कामकऱ्यांच्या वस्तीत, हेही तिथंच वाचलं. सावित्रीबाई आणि जोतीराव यांचं १८६३ चं बालहत्या प्रतिबंधक गृह मात्र आम्हाला 'पार्श्वभूमी' म्हणून एका तासात उरकलं. त्यावर मी वर्गात बोलले. सर म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे, पण पेपरात येत नाही."

क्षेत्रकार्यासाठी मला रांजणगाव शेणपुंजी मिळालं. घरापासून चालत जाण्याजोगं, आणि तरी दुसरा तालुका. आमचं बजाजनगर संभाजीनगर तालुक्यात, तेव्हा औरंगाबाद म्हणायचो, आणि रांजणगाव गंगापूर तालुक्यात. कंपन्यांना हा फरक कळत नाही, ठेकेदाराला कळत नाही. विधवा बाईला कळतो. निराधारच्या अर्जासाठी तिला एक दिवसाची मजुरी बुडवून थेट गंगापूरच्या तहसीलला जावं लागतं. संजय गांधी निराधार योजनेत तेव्हा महिन्याला ६०० रुपये मिळायचे आणि त्यासाठी वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवावं लागे. दिवसाला साधारण ५८ रुपये. भांडी घासणारी बाईसुद्धा एवढ्यात जगत नाही, आणि जगते असं लिहून दिल्याशिवाय कागद पुढं सरकत नाही. तेवढ्यात १ जानेवारी २०१७ पासून कामगार विम्याची, म्हणजे ईएसआयसीची, पगाराची मर्यादा १५ हजारांवरून वाढली, तीही २१ हजारांवर, महिन्याला. उरलेलं दुसरं वर्ष या २१ हजारांनी माझा पिच्छा पुरवला. एका घरात वर्षाचे, पुढच्या घरात महिन्याचे.

त्याच जानेवारीत मी बोट गेलेल्या एका मुलाच्या घरी गेले. सव्वीस-सत्तावीसचा, मूळ परतूरकडचा, डाव्या हाताचं मधलं बोट मुळापासून गेलेलं. ह्यांच्या वेळी मला ठाऊक नव्हतं ते आता पाठ होतं. नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट आहे, त्यात बोटांचे भाव लावलेले आहेत. अंगठा पूर्ण गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरतात, तर्जनी पूर्ण १४ टक्के, दोन पेरं ११, मधलं बोट पूर्ण १२. पहिल्यांदा तो तक्ता वाचला त्या रात्री मी ह्यांचा हात हातात घेऊन बसले होते. "अकरा टक्के," मी म्हटलं. हे म्हणाले, "कशाचे?" सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, "मग राहिलेले एकोणनव्वद कामाला जातायत, झोपू दे त्यांना."

त्या मुलाच्या घरात बायको होती, कडेवर वर्षाचं लेकरू. तिनं चादर झटकली, मला पलंगावर बसवलं. गॅसवर चहा ठेवला आणि पाठमोरी उत्तरं देऊ लागली. मी विचारत गेले. भाडं, शेती, कर्ज. माझ्या मांडीवर प्लास्टिकची फाईल होती, खाकी नव्हे, एवढाच काय तो फरक. तो प्रश्न मी टाळणार होते. पण मॅडमनी मागच्या अहवालावर लाल शाईनं लिहिलं होतं: 'व्यसनाची माहिती नाही, अपूर्ण.' मी विचारलं. माझाही आवाज आपोआप खाली आला.

"नाही," ती म्हणाली.

मी लिहिलं: 'कुटुंबप्रमुखास कोणतेही व्यसन नाही (पत्नीच्या सांगण्यानुसार), तथापि याबाबत शेजाऱ्यांकडून खातरजमा करणे आवश्यक.'

पेन उचललं आणि पाहिलं. बरोबर दीड ओळ झाली होती.

त्या बाईंनीही हेच लिहिलं होतं का, हे मला कधीच कळणार नाही. पण माझ्या हाताखाली ते आलं होतं, व्यवस्थित, नियमाप्रमाणे, आणि मॅडमनी त्याला चांगले मार्कही दिले असते. ती चहा घेऊन वळली. तिची नजर कागदावर गेली. तिला अक्षरं उलटी दिसत असणार.

मी कागद फिरवला. ती म्हणाली, "मला लिहिलेलं नीट लागत नाही वाचाया. तुम्हीच वाचा की."

क्षेत्रकार्याच्या नियमात हे बसतं की नाही, मी विचार केला नाही. पहिल्यापासून वाचलं. कुटुंबातली माणसं, भाडं, परतूरजवळची दोन एकर कोरडवाहू. ती प्रत्येक ओळीला मान हलवत होती. व्यसनाच्या ओळीपाशी मी अडखळले, पण वाचली. ती म्हणाली, "शेजारणीला इचारा की, जावा. तिचाच नवरा पितो." आणि हसली. मी पुढं गेले: 'सदर कामगार कंपनीत सात महिन्यांपासून कंत्राटी पद्धतीने कार्यरत.'

"सात महिने?" तिनं लेकराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "कुठनं आणले सात महिने?"

"कार्डावर आहेत."

"कार्ड नवीनय ते. सहा-सात महिने झाले की ब्रेक देत्यात, पंधरा दिवस घरी बसवत्यात, आन मग दुसरं कार्ड. मशीन तेच, सायेब तेच. लगीन झालं तवापासून हायेत हे तिथं."

"जुनी कार्डं आहेत?"

तिनं लेकरू माझ्या मांडीवर, फाईलवरच ठेवलं आणि फळीवरची पत्र्याची पेटी खाली ओढली. वर पोराचे कपडे, त्याखाली लग्नाचा शालू, त्याखाली एक कॅरीबॅग, तिला रबर. ती एकेक कार्ड काढून पलंगावर मांडू लागली. काहींवरचा फोटो पुसट झालेला, एकावर हळद सांडलेली. सहावं कार्ड ठेवल्यावर म्हणाली, "अजून एक आसंल, धुण्यात गेलतं, पर फेकलं न्हाई."

मी सात महिन्यांवर काट मारली, लेकराला एका हातानं सावरत नवं पान काढलं आणि म्हटलं, "पहिल्यापासून सांगा. लग्न कधी झालं?"

"पोळ्याच्या आधी," ती म्हणाली, "त्या वर्षी पाऊस नव्हता बगा."